पावलं राहिली

पडद्यामागून जो माणूस बाहेर आला, त्याच्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली होती. आधी मी तेवढंच पाहिलं. रविवारी सकाळी चित्रकलेच्या वर्गात मॉडेल आलं की मी पहिल्यांदा पायांकडेच बघतो. उघडं अंग एकदम समोर आलं की माझ्या घशाशी काहीतरी आंबट येतं आणि ते खाली जाईपर्यंत कुठेतरी बघावं लागतं. करंगळी चढलेली, अंगठ्याच्या शेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब, टाचेला भेगा. अशी पावलं मी रोज ऑफिसातून आल्यावर मोजे काढताना बघतो. भेगा तेवढ्या माझ्या नाहीत. मग मी वर पाहिलं आणि तो दादा होता. माझा सख्खा मोठा भाऊ, सहा वर्षांनी, आखूड निळ्या चड्डीवर, फळकुटांच्या चौथऱ्यावर उभा. केस गेलेले, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, आणि पोटाची कातडी पट्ट्याच्या खुणेवरून खाली ओघळलेली. मास्तर म्हणाले, "हे आपले नवीन गृहस्थ. तीन रविवार, एकच बैठक." दादानं आम्हा आठ जणांवरून नजर फिरवली. ती माझ्यापाशी आली आणि थांबली. त्याचे ओठ किंचित उघडले. मी खाली वाकलो आणि पेटीत ब्रश शोधायला लागलो. ब्रश माझ्या हातातच होता.

वर आलो तेव्हा दादा स्टुलावर बसला होता, हात गुडघ्यांवर, आणि नजर माझ्या डोक्याच्या वर वीतभर, भिंतीवर. मॉडेलला नजर ठेवायला काहीतरी एक जागा लागते, नाहीतर मान हळूहळू वळत जाते. दादानं ती माझ्या डोक्यावरची घेतली. म्हणजे माझ्याकडे बघायचं नाही, हे ठरवूनच घेतली, असं मला वाटलं आणि मला बरं वाटलं. हे बरं वाटणं माझ्या ओळखीचं आहे. आयुष्यात मला जेव्हा जेव्हा असं बरं वाटलं आहे, तेव्हा तेव्हा मी काहीतरी नीच केलेलं आहे. मास्तर गुडघ्यावर बसून चिकटपट्टीनं दादाच्या पावलांची बाह्यरेषा चौथऱ्यावर आखत होते. मध्ये चहाला उठल्यावर मॉडेलला पुन्हा त्याच जागी बसता यावं म्हणून ही पट्टी, आणि पुढच्या रविवारपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही, हा आमचा नियम. मास्तरांनी करंगळीपाशी पट्टीचा छोटा तुकडा वेगळा फाडून लावला. "काय पाऊल आहे," ते म्हणाले. "असं पाऊल बघायला मिळत नाही हल्ली." जसं काही बाजारात आलं होतं.

आमची ही जागा सायकलींच्या दुकानावरचं गोदाम आहे. खालून रबराचा वास येतो, वर टर्पेंटाइनचा, आणि दोन्ही वास मिळून डोक्याच्या मागच्या बाजूला जाऊन बसतात. आठ ईझल, आठ खुर्च्या, एक चौथरा, एक हीटर. हीटर मॉडेलसाठी असतो आणि तो एकाच बाजूनं तापवतो, त्यामुळे तासाभरात माणूस एका अंगानं लाल आणि दुसऱ्या अंगानं करडा होतो. यावर मास्तर खूश असतात. म्हणतात, "बघा, फुकटात दोन प्रकाश." आमच्यात एक दातांची डॉक्टरीण आहे. आठवडाभर दुसऱ्यांच्या तोंडात हात घालून झाल्यावर ती रविवारी ब्रश दातात धरते आणि त्याच हातानं बिस्किटं खाते. रंगाचे डाग पडलेली बिस्किटं. एक बँकवाले आहेत, निवृत्त, त्यांना कुठलाही माणूस दिला तरी ते त्याला पैलवान करतात. बाकीचे येतात, रंग लावतात, जातात. सगळे डोळे बारीक करून बघतात, कारण डोळे बारीक केले की तपशील जातात आणि नुसता उजेड-अंधार उरतो. आठ माणसं एका उघड्या म्हाताऱ्याकडे डोळे बारीक करून बघताहेत, हे दृश्य मी सात वर्षांत कधी बाहेरून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. डॉक्टरीण अंगठा पुढे धरून माझ्या भावाच्या पोटाची घडी मोजत होती.

मला किळस फार. हे मी लपवत नाही, लपतही नाही. लहानपणी दुधावरची साय मला बघवायची नाही. दादा माझ्या पेल्यातून ती बोटानं उचलायचा आणि तोंडात टाकायचा, मग ते बोट मला दाखवून चाटायचा, आणि मी पळत सुटायचो. तो माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. मोरीत अडकलेले केस तो काढायचा, मेलेला उंदीर शेपटीला धरून तो टाकून यायचा, मला उलटी झाली तर ती तो पुसायचा, आणि आई हसून म्हणायची, "ह्या छोट्याला मी नाकाला रुमाल बांधूनच काढलाय." घरात छोट्या म्हणजे मी. छोट्याला किळस येते, हे आमच्या घरात कौतुकानं सांगितलं जायचं. दादाला किळस येत नाही, हे कुणी सांगत नसे, ते धरून चालायचं. पुढे तो बसच्या वर्कशॉपात लागला, नखांत कायमचं काळं ग्रीस, आणि मी पाणीखात्यात नकाशे काढायला लागलो. या शहराची सगळी गटारं मी कागदावर काढलेली आहेत, कुठलं कुठे मिळतं, उतार किती, व्यास किती. तीस वर्षांत एकाचंही झाकण मी उचललेलं नाही.

आई चौदा महिने अंथरुणावर होती. दादा अविवाहित, त्यामुळे ती त्याच्याकडे, हेही असंच धरून चाललेलं. मी रविवारी जायचो, फळं न्यायचो, दारातल्या खुर्चीवर बसायचो. खोलीत एक वास होता. तो मी सांगणार नाही. दादा तिला पुसायचा, कूस बदलायचा, बडबडायचा, "चला आईसाहेब, दुसरी बाजू भाजून घेऊ," आणि ती हसायची. एका रविवारी मदतीची बाई आली नव्हती म्हणून त्यानं मला हाक मारली. "छोट्या, नुसती कमरेला धर. मी चादर ओढतो." मी धरलं. हाताला तिची कातडी हाडावरून सरकली. मग तो तिला वळवायला लागला आणि तिच्या पाठीवरची जखम माझ्यासमोर आली, उघडी, आत खोल. माझे हात सुटले. मी सोडले नाहीत, सुटले, हे मी सहा वर्षं स्वतःला सांगत आलोय, पण त्यानं काय फरक पडतो. दादानं तिला गुडघ्यानं सावरलं, ती पडली नाही. पडली असती तर बरं, असं कधी कधी वाटतं, कारण मग पडण्याबद्दलच बोलणं झालं असतं. ती पडली नाही, तिनं मान वळवून माझं तोंड पाहिलं. आरसा नव्हता, पण माझं तोंड कसं झालं होतं ते मला आतून कळत होतं. ती दादाला हळूच म्हणाली, "त्याला जाऊ दे बाहेर." दादा मागोमाग जिन्यात आला, हात कोपरापर्यंत ओले. रागावला नव्हता. म्हणाला, "तू येत जाऊ नकोस आता. तुझं तोंड दिसतं तिला." मी मान हलवली, खाली उतरलो, रस्त्यावर आलो आणि मला बरं वाटलं. मोकळी हवा आली आणि खरोखर बरं वाटलं. चार महिन्यांनी ती गेली. तोपर्यंत मी गेलो नाही, त्यानं सांगितलं होतं म्हणून. सगळं आटोपल्यावर दादानं ते घर सोडलं. नवा पत्ता त्यानं दिला नाही, मी मागितला नाही.

त्या काळात मी इथे यायला लागलो होतो. बायकोला सांगितलं, छंद म्हणून. खरं म्हणजे मला अंगाकडे बघायला शिकायचं होतं. आठ फुटांवरून, हातात ब्रश घेऊन, वास न येता. मी शिकलोही. म्हाताऱ्या बाईच्या मांडीवरची निळी शीर मी इतकी हुबेहूब काढली होती की मास्तरांनी ती सगळ्यांना दाखवली. मी घरी जाऊन तीनदा हात धुतले होते. म्हणजे काही शिकलो नव्हतो. आणि आता समोर दादा बसला होता, आणि मला त्याला एकच गोष्ट म्हणायची होती: दादा, चुकलो. दोन शब्द. ते आठ फुटांवरून म्हणता येत नाहीत, आणि मॉडेल बसलेलं असताना त्याच्याशी बोलायचं नाही हाही आमचा नियमच आहे. नियमाच्या आड उभं राहण्यात मी पहिल्यापासून हुशार.

चहाची वेळ झाली तेव्हा दादा उठला आणि त्याचा पाय बधिर झाला होता. त्याचा तोल गेला आणि त्यानं हात पुढे काढला. सगळ्यात जवळ मी होतो. हात माझ्याच दिशेला आला, नखांत अजून ग्रीस, मनगटाशी पांढरे केस. मी पॅलेट खाली ठेवायला लागलो. पॅलेट नीट ठेवावं लागतं, रंग सांडतात. तेवढ्यात डॉक्टरीण पुढे झाली, तिनं त्याला दंडाला धरलं आणि म्हणाली, "सावकाश, काका. मुंग्या आल्या का?" दादा म्हणाला, "येतात थोड्या. बसायची सवय आहे तशी मला. चौदा महिने बसून काढलेत एकदा." हे तो तिला म्हणाला. अंगावर शर्ट टाकून तो चहा घेत फिरला, आणि माझ्यापाशी आल्यावर म्हणाला, "साहेब, हीटर जरा तुमच्याकडे सरकवू का? मला एका बाजूनं फार होतोय." मी म्हणालो, "हो हो, सरकवा ना." साहेब आणि सरकवा. एका ताटात जेवलेली आम्ही दोघं माणसं.

घरी बायकोनं विचारलं, "आज कोण होतं?" मी म्हणालो, "आहे एक म्हातारा." ती भाजी चिरत म्हणाली, "म्हाताऱ्यांवरून आठवलं. भाऊजींचा काही पत्ता लागतो का बघा ना एकदा. सहा वर्षं म्हणजे काय थोडी झाली? तुमच्या मनात नसेल तर मी शोधते." मी नखांतला रंग काढत होतो. दादाच्या कातडीसाठी मी पिवळी माती, पांढरा आणि थोडा हिरवा असं मिसळलं होतं, आणि ते आता माझ्या नखांत होतं, आणि निघत नव्हतं. "बघतो," मी म्हणालो.

दुसऱ्या रविवारी माझ्या हाताला काय झालं मला माहीत नाही. मी डोकं काढायला घेतलं. एरवी चेहऱ्याला मी घाबरतो, अंगावर वेळ काढतो. पण त्या दिवशी मी डोळे बारीक केलेच नाहीत, उघडे ठेवले. डावा कान आला, ज्याला पाळी जवळजवळ नाहीच. मग नाकाचा तो हलका कल. मग हनुवटीवरचा खड्डा, ज्यात लहानपणी मी बोट घालायचो आणि तो चावायचा आव आणायचा. किळस येत होती, नाही असं नाही. गळ्याच्या लोंबत्या कातडीत घामाची रेघ होती, नाकातले केस दिसत होते, आणि एकदा त्याच्या पोटात मोठ्यानं गुडगुडलं तेव्हा बँकवाले खुदकन हसले. पण हात थांबला नाही. तासाभरात कॅनव्हासवरून दादा बघायला लागला, म्हातारा नाही, दादा. सात वर्षांत मी पहिल्यांदा एक माणूस काढला होता. चहाच्या वेळी तो मागे येऊन उभा राहिल्याचं मला वासावरून कळलं. साबण, आणि त्याच्याखाली ग्रीस. तो बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, "डावा कान बरोबर आलाय, साहेब." आवाज असा होता की मागे वळलो असतो तर सगळं मिटलं असतं. इतकं मला कळलं. मी वळणार होतो. मी शब्द जुळवत होतो, दोनच शब्द, आणि तेवढ्यात मास्तर टाळी वाजवून म्हणाले, "चला, बैठक," आणि दादा चौथऱ्यावर गेला आणि पट्टीच्या आत पावलं ठेवून बसला.

आता मास्तरांच्या आरशाबद्दल सांगायला हवं. माझ्या मागच्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्या वर, खिळ्याला त्यांचा एक दाढीचा आरसा टांगलेला असतो. मास्तरांचं जुनं मत आहे की नवखा चित्रकार कुणालाही बसवा, शेवटी स्वतःलाच काढतो. स्वतःचा चेहरा आयुष्यभर पाठ झालेला असतो, हात आपोआप तिकडेच जातो. डॉक्टरीणबाईंच्या सगळ्या चित्रांना त्यांचीच हनुवटी असते, आणि बँकवाल्यांचे पैलवानसुद्धा बँकवाल्यांसारखेच घाऱ्या डोळ्यांचे. असा कुणी सापडला की मास्तर खिळ्यावरचा आरसा काढतात, त्याच्या तोंडापुढे धरतात आणि म्हणतात, आधी इथे बघा, मग तिथे बघा. आम्ही याला आरशाची शिक्षा म्हणतो आणि दुसऱ्याला झाली की सगळे हसतो. माझ्यावर ही वेळ कधी आली नव्हती, कारण मी चेहरेच काढत नव्हतो.

मास्तर माझ्यामागे आले, थांबले, आणि हसले. आरसा खिळ्यावरून निघाल्याचा आवाज मला आला. "वा," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आज मोठा मासा लागला. घ्या, बघा." त्यांनी आरसा माझ्यापुढे धरला. मी दाढी ठेवतो, चष्मा लावतो, गालांना मांस आहे, एरवी कुणाच्या लक्षात येणार नाही. पण आरशात त्या सगळ्याच्या खाली नाकाचा तोच कल होता, पाळी नसलेला तोच कान. "कान तुमचा. नाक तुमचं. दाढी काढली तर हनुवटीही तुमचीच निघेल," मास्तर म्हणाले. "समोर एक माणूस बसलाय, आणि तुम्ही काढताय स्वतःला. एवढं प्रेम?" सगळे हसले. डॉक्टरीण सगळ्यात जोरात हसली, तिचा हक्कच होता. मी दादाकडे पाहिलं. तो हलला नव्हता. नजर भिंतीवर, तिथेच, आरसा नसलेल्या खिळ्यावर. मला म्हणायचं होतं, मास्तर, चूक नाही. तो माझा भाऊ आहे. हे सांगणं किती सोपं होतं. उलट कौतुकच झालं असतं, हुबेहूब काढल्याचं. पण मग आठ माणसांनी माझ्याकडे पाहिलं असतं आणि विचारलं असतं, मग दोन रविवार बोलला का नाहीत? आणि त्यांनी त्या उघड्या अंगाकडे, ओघळलेल्या पोटाकडे, चढलेल्या करंगळीकडे बघून माझे कपडे मनात उतरवले असते. "खरंच की," मी म्हणालो. मी फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवलं आणि पुसलं. आधी कान गेला, मग नाक. हनुवटी जात नव्हती, ती दोनदा पुसावी लागली. फडक्यात कातडीच्या रंगाचा एक ओला गोळा जमला आणि तो हातात धरवेना. मास्तरांनी माझ्या खांद्यावर थाप मारली आणि आरसा परत खिळ्याला लावला.

तो आठवडा मी नकाशांवर रेघा मारत घालवला आणि प्रत्येक रेघ मला स्वच्छ वाटायची, म्हणून तिचीच किळस यायची. पुसणं ही गोष्ट दादाला दिसली नसेल, असं मी धरलं होतं. कॅनव्हास माझ्याकडे तोंड करून असतो, त्याला दिसते ती मागची लाकडी चौकट. मास्तरांचं बोलणं त्यानं ऐकलं, पण मी पुसलं की नुसतं पुसल्यासारखं केलं, हे त्याला कसं कळणार? या हिशेबावर मी जगत होतो. शनिवारी न्हाणीघरात नळ सोडून मी ते शब्द म्हणून पाहिले. दादा, चुकलो. भिंतीवरून ते परत आले तेव्हा कुणीतरी दुसरंच बोलल्यासारखे वाटले. बायको बाहेरून म्हणाली, "कोणाशी बोलताय?"

तिसऱ्या रविवारी मी पुसलेल्या जागी चेहरा भरला. सरळ नाक, पाळीचा कान, साधी हनुवटी. कोणाचाही असेल असा. मास्तर म्हणाले, "हां, आता आला तो माणूस." शेवटच्या बैठकीआधी आमच्याकडे एक पद्धत आहे. सगळे आपापली ईझल आतल्या बाजूला वळवतात, मॉडेल एकेकापुढे उभं राहतं, आणि ज्यात स्वतः दिसेल त्या चित्राच्या मागे अंगठ्याला रंग लावून ठसा उमटवतं. मग उरलेली वीस मिनिटं बसतं आणि संपलं. ही पद्धत मास्तरांचीच. गंमत म्हणून सुरू झाली, पण ठसा मिळाला की लोक घरी जाऊन सांगतात. मी ठरवलं होतं की दादा माझ्यापुढे येईल तेव्हा बोलायचं, सगळ्यांसमोर, म्हणजे पळता येणार नाही. मी माझं ईझल वळवलं. वळवताना त्या अनोळखी चेहऱ्याकडे माझी नजर गेली आणि माझी मलाच शिसारी आल्यासारखं झालं, कारण तो चेहरा दादाच्या खांद्यांवर बसला होता, दादाच्या बरगड्यांवर, आणि शांत होता.

दादा शर्ट पांघरून एकेक बघत आला. पैलवानाला बघून हसला. डॉक्टरीणबाईंच्या चित्राला म्हणाला, "मला तुमची हनुवटी दिलीत, आभार." मग माझ्यापुढे थांबला. त्याच्या अंगठ्यावर निळा रंग होता. मी म्हणालो, "मास्तर, एक सांगायचंय." सगळे बघायला लागले. "हा माझा भाऊ आहे. सख्खा. मागच्या रविवारी ते बरोबर होतं, ते मी नव्हतो. हा माझा दादा आहे." गोदामात खालून कुणीतरी सायकलचं चाक फिरवत होतं, त्याचा खर्र खर्र आवाज येत होता. मास्तर आधी माझ्याकडे आणि मग दादाकडे बघत राहिले. दादानं चित्रावरून नजर काढली नाही. त्याचा आवाज अगदी साधा होता, ज्या आवाजात त्यानं हीटर सरकवू का विचारलं होतं तोच.

"साहेबांचा काहीतरी गैरसमज होतोय," तो म्हणाला. "तुम्हीच बघा ना चित्रात. कुठं काय सारखं आहे?"

कुणीतरी हसायला सुरुवात करून थांबलं. मी म्हणालो, "दादा." तो म्हणाला, "असू दे साहेब. होतं असं." त्यानं अंगठा फडक्याला पुसला, कुणाच्याच मागे ठसा उमटवला नाही. माझंच फडकं होतं ते. मग मास्तरांना म्हणाला की गुडघा फार दुखतोय, पुढची वीस मिनिटं नाही जमायची, तेवढं समजून घ्या. पडद्यामागे गेला, पँट चढवली, पिशवी घेतली, आणि जिन्यावरून त्याच्या पावलांचा आवाज गेला, एक जड, एक हलका. मी जागचा हललो नाही. पॅलेट हातात होतं, ते धरून उभा होतो.

मास्तरांना या सगळ्याचं फार काही वाटलं नसावं. त्यांनी घड्याळ बघितलं आणि ते चिडले. "आणि पावलं? पावलं सगळ्यांचीच राहिलीत." ते खरं होतं. पावलं अवघड असतात, म्हणून प्रत्येकजण ती शेवटावर टाकतो, आणि आठही चित्रांमध्ये माझा भाऊ घोट्यापाशी संपत होता. मास्तरांनी आमच्यावरून नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली. "तुमचं झालंय. तुम्ही बसा वीस मिनिटं. पट्टी आहेच. पावलं काय, कुणाचीही चालतात." मी नाही म्हणू शकलो असतो. मी बूट काढले, मोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि चौथऱ्यावर चढलो. फळी गार होती. पट्टीच्या कडेला दादाच्या टाचेच्या भेगांमधलं पांढरं काहीतरी चिकटलं होतं, बारीक पापुद्रे. घशाशी आलं. मी उजवं पाऊल त्या रेषेत ठेवलं आणि मग डावं. करंगळीजवळचा तो वेगळा तुकडा माझ्या करंगळीला जाऊन लागला. कुठेच कडेला जागा उरली नाही. मी स्टुलावर बसलो. स्टूल अजून गरम होतं. दुसऱ्याच्या बुडाची ऊब मला सहन होत नाही, बसमध्ये मी उभा राहतो पण तशा जागेवर बसत नाही. मी बसलो.

डॉक्टरीण खाली वाकून बघत होती. तिचा ब्रश पुढे आला आणि थांबला. तिनं एकदा तिच्या चित्राच्या कडेला पेन्सिलीत आखलेल्या बोटांकडे पाहिलं, मग माझ्या बोटांकडे. बँकवाले म्हणाले, "अहो, पेन्सिलीतलं काही बदलावंच लागत नाहीये." कुणी डोळे बारीक केलेले नव्हते. सगळे माझ्या पायांकडे उघड्या डोळ्यांनी बघत होते आणि मला आतून कळत होतं की त्यांची तोंडं कशी झाली आहेत. ती मला बघायची नव्हती. मी नजर वर नेली, दादा जिथे ठेवायचा तिथे, माझ्या रिकाम्या खुर्चीच्या वर वीतभर. तिथे मास्तरांचा आरसा होता, जरासा पुढे झुकलेला. त्यात माझी खुर्ची दिसत होती, आणि खुर्चीपुढे ईझल कुणीतरी पुन्हा नेहमीसारखं वळवून ठेवलेलं होतं, म्हणून त्यात माझा कॅनव्हास दिसत होता. अख्खा, स्वच्छ, हाताच्या अंतरावर असल्यासारखा. सरळ नाक. पाळीचा कान. मला ती मागच्या रविवारची जागासुद्धा दिसत होती, जिथे हनुवटी नीट गेली नव्हती म्हणून मी दोनदा फडकं फिरवलं होतं आणि रंग खाली गढूळ झाला होता. म्हणजे ती थाप मारून झाल्यावर, आरसा खिळ्यावर परत गेल्यावर, दादा इथे बसून हाच गढूळपणा बघत राहिला होता. आणि त्याआधीचा तासभर, कान येताना, नाक येताना, खड्डा येताना. पहिल्या रविवारपासून तो माझ्या डोक्यावरून बघत नव्हता, माझ्याकडेच बघत होता. मी त्याला काढतोय, एवढंच बघत बसला होता.

पट्टीतून माझी टाच सुटली असावी, कारण मास्तरांनी मान वर न करता, स्वतःच्या ब्रशावरचा रंग पुसत म्हटलं, "हलू नका."